गाईडची टीका, मुलं आणि मुली: पीएचडी करणाऱ्यांचे आणि करवून घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले लोक राणी चन्नम्मा विद्यापीठात, व्हीटीयूत, (बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठात), धारवाडला किंवा सीमेपलीकडे कोल्हापूरला पीएचडी करतात. त्यांच्याकडून आणि त्यांच्या गाईडांकडून, म्हणजे मार्गदर्शकांकडून, एका विषयावर सारखे प्रश्न येतात: टीका करायची कशी, घ्यायची कशी, आणि त्यात बाई-पुरुष असा फरक पडतो का. हे प्रश्न जवळपास येतात त्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. यातले बरेच जण पस्तिशी ओलांडलेले, कॉलेजात शिकवणारे असतात, पण विभागात सगळे त्यांना मुलं-मुलीच म्हणतात, म्हणून इथेही तेच.

१. मुली टीका मनाला लावून घेतात आणि मुलं झटकून टाकतात, हे खरं का?

थोडं खरं आहे, पण वापरलं जातं त्याच्या कितीतरी पट. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरची ४६ एकत्रित विश्लेषणं (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेली) तपासली, तेव्हा बहुतेक मानसिक फरक लहान किंवा नगण्य निघाले. टीकेपुरतं बघायचं तर टोमी-अॅन रॉबर्ट्स आणि सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९८९ पासून केलेलं काम उपयोगी आहे. त्यांच्या प्रयोगांत दुसऱ्याने शेरा दिल्यावर स्त्रियांचा स्वतःच्या कामाबद्दलचा अंदाज पुरुषांपेक्षा जास्त हलला. चांगल्या शेऱ्याने वर गेला, वाईटाने खाली आला. कारण शोधताना असं दिसलं की स्त्रिया त्या शेऱ्याला जास्त माहितीचा मानत होत्या. 'हळवेपणा' म्हणून हे सोडून देणं चुकीचं आहे. शेरा ऐकून आपला अंदाज दुरुस्त करणं हे संशोधकाचं कामच आहे.

हे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाले आहेत आणि निघालेली संख्या सरासरी आहे. समोर बसलेल्या एका माणसाचा स्वभाव त्यातून काढायला गेलात तर फसाल.

२. मग फरक नेमका कुठे जाणवतो?

तीन ठिकाणी.

पहिलं, शेरा अस्पष्ट असला की. एलन लेनी यांनी १९७७ मध्ये त्या वेळच्या संशोधनाचा आढावा घेतला. स्त्रियांचा आत्मविश्वास सगळीकडे कमी असतो असं त्यात आढळलं नाही. काम कसं झालं हे स्पष्ट सांगितलं जात नाही तिथे तो कमी पडतो. स्पष्ट माहिती मिळाली की फरक बराच मिटतो. गाईडने तीन महिने चॅप्टर टेबलावर ठेवून काहीच न सांगणं हा अस्पष्टपणाचा कळस. त्या तीन महिन्यांत मुलगी 'वाईट असणार म्हणूनच बोलत नाहीत' असं धरून चालण्याची आणि मुलगा 'ठीक असेल' असं धरून चालण्याची शक्यता जास्त. चॅप्टर दोघांचाही वाचलेला नसतो.

दुसरं, मदत मागताना. अडकल्यावर विचारायला जाणं पुरुषांना जड जातं, हे आरोग्यापासून शिक्षणापर्यंत बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्याचे परिणाम प्रश्न ८ मध्ये.

तिसरं, टीका देणाऱ्याच्या बाजूला. याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एकाच दर्जाच्या कामावर मुलाला एक शेरा मिळतो आणि मुलीला दुसरा. शेरेच वेगळे असतील तर प्रतिसाद वेगळा येणारच. पाहा प्रश्न ५ आणि ९.

३. माझी विद्यार्थिनी प्रत्येक सूचनेला "हो सर" म्हणते आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये काहीच बदललेलं नसतं. समजलं नाही की पटलं नाही?

दोन्ही असू शकतं, आणि "समजलं का?" विचारून ते कळणार नाही. आपल्याकडे सरांना "नाही समजलं" म्हणणं उर्मटपणात मोजलं जातं. मुलींवर तर ती शिस्त घरातूनच बसलेली असते. "हो सर"चा अर्थ बहुतेक वेळा "ऐकू आलं" इतकाच घ्यावा.

उपाय सोपा आहे. बैठकीची शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि तिलाच सांगायला लावा: पुढच्या ड्राफ्टमध्ये काय बदलणार, कुठल्या क्रमाने, आणि यातली कुठली सूचना पटली नाही. शेवटचा प्रश्न नेमका असाच विचारा. "काही शंका?" म्हटलं की उत्तर "नाही सर" ठरलेलं असतं. "यातली एक सूचना तुम्हाला चुकीची वाटत असणार, कुठली?" असं विचारलं की उत्तर द्यावंच लागतं आणि असहमतीला परवानगीही मिळते.

मग दोन दिवसांत तिने बैठकीचं टिपण मेल करायचं: ठरलेल्या गोष्टी, पान क्रमांक, तारीख. टिपणात तुमची सूचना उलटी लिहून आली तर तिला ती समजलीच नव्हती. नीट लिहून आली आणि तरीही ड्राफ्ट तसाच राहिला तर पटलेली नाही, किंवा घरी बसून लिहायला वेळ नाही. या तिन्हींचे इलाज वेगवेगळे आहेत. मुलांनाही हीच पद्धत लावा. त्यांचं "हां सर, झालं समजा" याच जातकुळीचं असतं.

४. टीका लेखी द्यायची तर कशी लिहायची?

उदाहरण घेऊ. चिकोडी तालुक्यातल्या महिला बचत गटांवरचा प्रबंध, तिसरा चॅप्टर. समासात शेरा आहे: "नीट नाही. पुन्हा लिहा. गांभीर्य दिसत नाही." यातलं पहिलं वाक्य काय नीट नाही ते सांगत नाही, दुसरं काय करायचं ते सांगत नाही आणि तिसरं माणसावर घसरतं.

तोच शेरा असा हवा: "पान ४१, तक्ता ३.२. मजकुरात नमुना ६० गटांचा आहे, तक्त्याची बेरीज ५८ येते. दोन गट कुठे गेले? गळाले असतील तर कारण लिहा, मोजणीची चूक असेल तर पुढचे तीनही तक्ते तपासा, कारण टक्केवारी याच आकड्यावरून काढली आहे. शुक्रवारपर्यंत."

जागा, चूक, चूक का महत्त्वाची, काय करायचं, कधीपर्यंत. एवढ्या पाच गोष्टी असल्या की शेरा कितीही कडक असो, घेणाऱ्याला काम सापडतं. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. सरासरीने शेऱ्यांमुळे काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा शेऱ्यानंतर काम बिघडलं. लक्ष कामावरून निघून 'मी कसा आहे, कशी आहे' याकडे वळलं की शेऱ्याचा उपयोग घटतो, असं त्यांचं स्पष्टीकरण आहे. 'गांभीर्य दिसत नाही' हे वाक्य नेमकं तेच करतं.

एका बैठकीत मोठ्या सूचना तीन ते पाच, त्याहून जास्त नकोत. शुद्धलेखन, संदर्भांची मांडणी, स्वल्पविराम यांची वेगळी यादी द्या. पंचवीस लाल खुणांमध्ये मांडणीची एक खरी चूक हरवते, आणि मग विद्यार्थी पंचवीस स्वल्पविराम सुधारून आणतो.

५. मुलींशी जरा सौम्य बोलावं का? रडतील अशी भीती वाटते.

आवाज सगळ्यांशीच सौम्य ठेवा. मजकूर कुणासाठीच सौम्य करू नका.

लिली जॅम्पोल आणि व्हिवियन झायास यांच्या २०२१ मधल्या अभ्यासात असं दिसलं की सुमार काम स्त्रीचं आहे म्हटल्यावर लोक तिला देताना शेरा गोड करून, म्हणजे खऱ्यापेक्षा फुगवून देतात. देणाऱ्याला ते दयाळूपणाचं वाटतं. घेणारीला मात्र आपली खरी जागा कळत नाही, आणि पहिला खरा शेरा येतो तो थेट बाहेरच्या परीक्षकाकडून. तोवर पाच वर्षं गेलेली असतात.

दुसरी गोष्ट जुनी पण मोलाची. कॅरोल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये शाळेच्या वर्गांत शिक्षकांचे शेरे मोजले. मुलांना बोलणी जास्त बसत होती, पण त्यातली बरीचशी दंगा, गबाळेपणा, लक्ष नसणं याबद्दल होती. मुलींना मिळणारी टीका जवळजवळ सगळी उत्तराच्या बौद्धिक दर्जावर होती. त्यामुळे मुलगा अपयश 'अभ्यास केला नाही' यावर ढकलू शकतो, मुलीला 'मला येत नाही' एवढाच अर्थ उरतो. प्रयोगात मुलींना मिळते तशी टीका मुलांना दिली, तेव्हा तीही अपयश स्वतःच्या कुवतीवर ढकलू लागली. म्हणजे परिणाम टीकेच्या साच्याचा होता.

बोलण्याचा एक नमुना उपयोगी पडतो. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या प्रयोगात निबंधावरच्या टीकेसोबत एक चिठ्ठी दिली होती, तिचा आशय असा: माझी अपेक्षा उंच आहे आणि तुम्ही तिथे पोहोचाल अशी मला खात्री आहे, म्हणून हे शेरे देतो आहे. तो प्रयोग शाळकरी मुलांवर आणि वंशभेदाच्या संदर्भात झाला होता, पण गाभा इथेही लागू पडतो. उंच अपेक्षा आणि खात्री ही दोन्ही बोलून दाखवा. नुसती अपेक्षा धमकीसारखी वाटते.

६. एक मुलगा प्रत्येक शेऱ्यावर वाद घालतो. हा आत्मविश्वास म्हणायचा की हट्ट?

पुढचा ड्राफ्ट उघडून बघा. वाद घालून बदल करणारा चांगला विद्यार्थी आहे. वाद घालून काहीच न बदलणाऱ्याकडून प्रत्येक नाकारलेल्या सूचनेमागचं कारण लेखी घ्या. चार ओळींचं कारण लिहायला बसलं की अर्धे हट्ट आपोआप गळतात.

आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारा. हेच शब्द, याच आवाजात, एखाद्या मुलीने वापरले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? विभागात मुलाला 'मुद्देसूद' आणि मुलीला 'तोंडाळ' म्हटलं जातं तिथे मुली वाद घालणं सोडून देतात, आणि मग प्रश्न ३ मधलं "हो सर" सुरू होतं.

७. केबिनमध्ये विद्यार्थिनी रडायला लागली तर काय करावं?

बोलणं थांबवा. पाणी द्या. दार बंद असेल तर उघडा. "दहा मिनिटं थांबू, मग पुढे बघू की आज इथेच थांबायचं ते तुम्ही ठरवा" एवढंच म्हणा. कारण विचारून खोदू नका. घाबरून टीका मागेही घेऊ नका. "तसं चांगलंच आहे हो" म्हटलंत की आधीचं सगळं खोटं ठरतं. दोन-तीन दिवसांत पुन्हा बैठक ठेवा आणि तिथे तेच मुद्दे, लेखी, प्रश्न ४ च्या पद्धतीने घ्या.

रडणं म्हणजे टीका पेलवली नाही असं धरू नका. कित्येक जण रडून, डोळे पुसून, घरी जाऊन चॅप्टर दुरुस्त करून आणतात. न रडणाऱ्यांची काळजी जास्त घ्यावी लागते.

८. टीका केल्यापासून मुलगा फोनच उचलत नाही. चार महिने झाले.

मुलग्यांच्या बाबतीत ही तक्रार सगळ्यात जास्त येते. मुलगी अडकली की मैत्रिणीला, बहिणीला, सीनियर अक्काला तरी सांगते. मुलगा सहसा कुणालाच सांगत नाही. त्यात तो गेस्ट लेक्चरर म्हणून दोन कॉलेजांत तास घेत असेल, घरची शेती बघत असेल, आणि 'एवढ्या वयाचा झालास, अजून शिकतोसच का' हे रोज ऐकत असेल, तर लाल खुणांनी भरलेला चॅप्टर पिशवीतून बाहेर निघतच नाही. जितके दिवस जातात तितकं तोंड दाखवणं अवघड होतं.

तिसऱ्या आठवड्यातच मेसेज करा, चौथ्या महिन्याची वाट बघू नका. मेसेजमध्ये 'कुठे आहात' नको. एक लहान, संपणारं काम मागा: "पूर्ण चॅप्टर नको. फक्त पान १० ते १४ सुधारून सोमवारी आणा, अर्धा तास बसू." पाच पानं घेऊन येणं माणसाला जमतं.

तरीही आला नाही तर नियम सांगणं तुमचं काम आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे सगळे जिला आरएसी म्हणतात तिच्यासमोर, प्रगती मांडावी लागते. प्रगती असमाधानकारक असेल तर समिती कारणं नोंदवते आणि सुधारणा सुचवते. त्या पाळल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस होऊ शकते. हे धमकीच्या स्वरात न सांगता तारखेसह सांगा. झोप, जेवण, बोलणं सगळंच बिघडल्यासारखं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, आणि विभागातल्या त्याच्या एका मित्रालाही कानावर घाला.

९. आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो. तरी मुली मागे का पडतात?

कॅन्टीनमध्ये काय होतं ते बघा. औपचारिक बैठक महिन्यातून एकदा होते. पण कुठल्या जर्नलला पाठवावं, परीक्षक कशावर अडतात, आकडेवारीत हा घोळ कसा सोडवायचा, हे चहा पिताना बोललं जातं, आणि त्या टेबलावर मुलं असतात. त्यांना टीका लहान घोटांत, रोज, चेष्टेत मिळते. मुलीला तीच टीका महिन्यातून एकदा, टेबलापलीकडून, एकदम मिळते. मग ती जड वाटते यात नवल काय?

वेळेचंही तसंच. संध्याकाळी पाचला बैठक ठेवली की चिकोडी किंवा निपाणीच्या मुलीचं निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर जायचं असतं, आणि पुढे गावाची गाडी वेगळीच. कर्नाटकच्या शक्ती योजनेमुळे ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या बसमध्ये बायकांच्या तिकिटाचा प्रश्न सुटला, वेळेचा नाही. बैठक अकरा ते तीनच्या मध्ये ठेवा. चहावर निघालेली कामाची गोष्ट त्याच दिवशी सगळ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दोन ओळींत टाका. फुकटात होणारी आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारी सुधारणा हीच आहे.

१०. गाईड मॅडम असतील तर टीका वेगळी लागते का?

लागते, आणि त्यात मॅडमचा दोष नसतो. मार्टिन एबल यांनी ऑनलाइन कामगारांवर केलेल्या प्रयोगात तीच टीका बाईच्या नावाने आली तेव्हा कामाबद्दलचं समाधान जास्त घसरलं. हे पुरुष कामगारांतही दिसलं आणि स्त्रियांतही. आपल्याकडे याचं रूप ओळखीचं आहे: सर कडक असले तर 'शिस्तीचे', मॅडम कडक असल्या तर 'खडूस'. मॅडमकडून आईची माया अपेक्षित असते, त्यामुळे साधा शेराही विश्वासघातासारखा वाटतो.

पहिल्याच बैठकीत अपेक्षा कागदावर आणणं हा उपाय: ड्राफ्ट किती दिवसांत वाचणार, शेरे कुठल्या स्वरूपात देणार, फोन कधी करायचा. आणि गाईड बाई आहे म्हणून ती मुलींना न्याय देईलच असंही नाही. कॉरिन मॉस-रॅकुसिन यांच्या २०१२ मधल्या प्रयोगात एकच अर्ज मुलाच्या आणि मुलीच्या नावाने विज्ञानाच्या प्राध्यापकांना दिला होता. मुलाच्या नावाला जास्त गुण देणाऱ्यांत प्राध्यापिकाही तेवढ्याच होत्या.

११. गाईड कन्नड, मी मराठी माध्यमाची, प्रबंध इंग्रजीत. शेरे डोक्यावरून जातात.

आपल्या भागात हे इतकं सर्रास आहे की त्याची चर्चाच होत नाही. मराठी शाळेतून आलेली मुलगी इंग्रजी शेऱ्यावर गप्प बसली की 'टीका सहन होत नाही' असा अर्थ काढला जातो. बहुधा तिला शेऱ्यातलं क्रियापदच कळलेलं नसतं. मुलगा अशा वेळी हसून वेळ मारून नेतो, म्हणून त्याचं लक्षात येत नाही.

चर्चा कन्नडात होवो, मराठीत किंवा धेडगुजरी, अंतिम सूचना इंग्रजीत लिहून घ्या आणि खाली आपल्या भाषेत त्याचा अर्थ एका ओळीत लिहून तिथल्या तिथे दाखवा. परवानगी घेऊन बैठकीचं रेकॉर्डिंग करता आलं तर उत्तम. आणि गाईडांनी एक लक्षात ठेवावं: भाषेची चूक आणि विचाराची चूक वेगवेगळ्या रंगांत दाखवा. सगळंच लाल दिसलं की विचारही टाकाऊ आहे असं वाटतं.

१२. लग्न कोल्हापूरला ठरलंय. गाईड म्हणतात, "मग आता कशाला शिकवायचं तुला?" काय उत्तर देऊ?

ही टीका नव्हे, भाकीत आहे. त्याला नियमाने उत्तर द्या. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतल्या तरतुदी अशा:

कोर्सवर्क धरून किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, म्हणजे एकूण दहापर्यंत. प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण पीएचडीच्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा. आणि लग्नामुळे किंवा अन्य कारणाने विद्यार्थिनीला गाव बदलावं लागलं तर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेता येते. अट अशी की बाकीचे नियम पाळलेले असावेत, ते संशोधन मूळ संस्थेने किंवा गाईडने निधी मिळवलेल्या प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधीच्या कामाचं श्रेय मूळ संस्थेला आणि गाईडला द्यावं.

गडबड होते ती इथे: लग्नानंतर सहा महिने गप्प राहून मग अर्ज केला जातो. तोवर एक आरएसी चुकलेली असते. तारीख ठरली की लगेच विभागाला लेखी कळवा, दोन्ही विद्यापीठांच्या पीएचडी विभागांकडून त्यांची स्वतःची नियमावली मागून घ्या, आणि झालेल्या कामाची यादी गाईडच्या सहीनिशी ठेवा. बेळगाव-कोल्हापूर शंभर-एकशेदहा किलोमीटरचं अंतर आहे. न बदलता इथूनच पूर्ण करणंही कित्येकींना सोपं पडतं.

१३. विद्यार्थिनीच्या नवऱ्याशी किंवा वडिलांशी प्रगतीबद्दल बोलावं का?

नाही. मुलाच्या बायकोला फोन करता का? तेच इथे. जिवाची काळजी वाटण्यासारखी स्थिती असेल तरच अपवाद.

१४. कडक टीका आणि छळ यांत रेषा कुठे?

टीकेचा विषय मजकूर, पद्धत, आकडे, मुदत हा असतो. जात, भाषा, कपडे, लग्न, मूल, दिसणं हा विषय झाला की ती टीका राहत नाही. रात्री अकराला 'चॅप्टरवर बोलू' म्हणून फोन, बाहेरगावी एकटीला बोलावणं, सहीच्या बदल्यात कसलीही अपेक्षा, हे सरळ लैंगिक छळाच्या तक्रारीचे विषय आहेत.

तक्रार कुठे करायची ते प्रकारावर ठरतं. लैंगिक स्वरूपाचं असेल तर अंतर्गत तक्रार समिती. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांनुसार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची; प्रसंग अनेक असतील तर शेवटच्या घटनेपासून मोजायचं. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. या नियमांत मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही धरलेले आहेत, त्यामुळे 'मुलगा आहेस, तुला कसली तक्रार' हे उत्तर चालत नाही.

सही अडवणं, ड्राफ्ट न वाचणं, घरची कामं करायला लावणं यासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. दोन्हीकडे तारखा, मेल, मेसेज यांचा सुटा कागदपत्र संच लागतो, म्हणून प्रश्न ३ मधली टिपणं पहिल्या महिन्यापासून ठेवा.

१५. आरएसीत सगळ्यांसमोर धुतलं. तिथे काय करायचं?

आरएसी म्हणजे प्रश्न ८ मधली सल्लागार समिती. उत्तर देण्याची घाई करू नका. प्रत्येक सूचना वहीत लिहा आणि वाचून दाखवा: "नमुना निवडीचं समर्थन वाढवायचं, बरोबर?" वाचून दाखवल्याने समोरच्याला शब्द नेमके करावे लागतात आणि आपला आवाज स्थिर होतो. मधे तोडलं तर "एवढं वाक्य पूर्ण करते" म्हणायला हरकत नाही. ते जमत नसेल तर आधीच गाईडला सांगून ठेवा की बोलणं पूर्ण होऊ देण्याची जबाबदारी त्यांची. गाईड समितीचे निमंत्रक असतात, त्यांना तो अधिकार आहे.

१६. परीक्षकाने प्रबंध सुधारायला परत पाठवला. मी नापास झाले का?

नाही. प्रबंध विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. एकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध आणखी एका परीक्षकाकडे पाठवण्याची तरतूद आहे. सुधारणा सुचवणं हे तर नेहमीचंच.

अहवाल आला त्या दिवशी एकदा वाचून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी चार रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं, तुमच्या शब्दांत त्याचा अर्थ, काय बदललं, कुठल्या पानावर. सूचना मान्य नसेल तर तिसऱ्या रकान्यात 'बदल नाही' आणि कारण. इथे मुली आणि मुलं उलट दिशांना चुकताना दिसतात. बऱ्याच मुली प्रत्येक सूचना मान्य करून प्रबंधाचा मूळ युक्तिवादच पातळ करून टाकतात. बरेच मुलगे तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'आधीच नमूद केले आहे' लिहितात. परीक्षकाला ते सापडलं नाही म्हणूनच त्याने विचारलं आहे, तेव्हा ते पुढे आणून ठळक करा. तक्ता व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सोबत न्या.

१७. गाईड बदलता येतो का?

येतो. विभागाची आणि आरएसीची शिफारस सहसा लागते, आणि नव्या गाईडकडे जागा हवी: प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी ही कमाल मर्यादा आहे. अर्जात 'स्वभाव जुळत नाही' लिहू नका. विषयाची दिशा बदलली, वेळ मिळत नाही, असं तपासता येणारं कारण लिहा. मात्र कारण प्रश्न १४ मधलं असेल तर ते झाकून असा अर्ज करू नका, आधी तक्रार करा.

१८. विद्यार्थी गाईडपेक्षा वयाने मोठा आणि स्वतः विभागप्रमुख. गाईड तरुण मॅडम. टीका कशी करायची?

कॉलेजातले जुने लेक्चरर बढतीसाठी पीएचडीला येतात, त्यामुळे ही जोडी आता नेहमीची झाली आहे. इथे प्रश्न १० मधली अडचण दुप्पट होते, कारण वय आणि बाई-पुरुष ही दोन्ही पारडी एकाच बाजूला झुकतात. सर बैठकीत मॅडमनाच सल्ला देऊ लागतात, किंवा ड्राफ्ट न आणता गप्पा मारून उठतात.

अहो-जाहो दोन्ही बाजूंनी ठेवा. बैठक विभागातच ठेवा, त्यांच्या कॉलेजात जाऊ नका. त्यांच्या खुर्चीसमोर बसून त्यांचा चॅप्टर तपासणं कुणालाच जमत नाही. ड्राफ्ट बैठकीच्या किमान चार दिवस आधी मेलवर आला नाही तर बैठक होणार नाही, हे पहिल्याच महिन्यात पाळून दाखवा. टीका 'मला वाटतं' अशी सुरू करू नका, नियमावलीवर किंवा परीक्षकावर टेकवा: "इथे परीक्षक विचारेल की नियंत्रण गट का नाही." त्यांच्या अनुभवाचा मान राखायचा तर जिथे तो खरोखर कामाचा आहे तिथे मागा, उदाहरणार्थ क्षेत्रीय कामासाठी गावातल्या ओळखी. पद्धतशास्त्राच्या चॅप्टरमध्ये मात्र सवलत देऊ नका, कारण व्हायवाला त्याचं उत्तर त्यांच्यासोबत तुम्हालाही द्यावं लागेल.